कॅरिबूंचे घटते कळप आणि त्यांची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर अमेरिकेतल्या कॅरिबूंवर काही लिहिलं की ठरावीक प्रश्न परत परत येतात. काही साधे, काही चिडून विचारलेले: "एवढे कमी झालेत, तरी मारतातच कसे?" ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक प्रश्नांपासून आहे, पुढे पुढे गुंतागुंत वाढते. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅरिबू आणि रेनडिअर वेगळे का?

प्रजाती एकच. युरोप-आशियात तिला रेनडिअर म्हणतात, उत्तर अमेरिकेतल्या रानटी जनावरांना कॅरिबू. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगं येणारा हा एकच प्राणी. हिवाळ्यात बर्फ उकरून तो मुख्यतः दगडफुलं खातो. आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल याच गटातलं, जात वेगळी. मादीला वर्षाला एकच पाडस होतं, त्यामुळे कळप एकदा खचला की भरून यायला वेळ लागतो.

जंगलातले, डोंगरातले आणि अतिउत्तरेच्या बेटांवरचे छोटे कॅरिबूही आहेत. पण शेकडो किलोमीटर स्थलांतर करणारे, टुंड्राच्या उघड्या माळावर विणारे जे मोठे कळप, त्यांच्याविषयीच लोक जास्त विचारतात. म्हणून इथेही भर त्यांच्यावरच आहे.

२. 'कळप' म्हणजे किती जनावरं? नावं कशी पडली?

आकड्यावरून कळप ठरत नाही, विणीच्या जागेवरून ठरतो. माद्या दर वर्षी जूनच्या सुरुवातीला साधारण त्याच मुलखात परततात, आणि तिथे विणाऱ्या माद्यांचा मिळून एक कळप मानला जातो. तो पाच हजारांचा असेल, पाच लाखांचाही असेल. नावं बहुधा नदी-खाडीवरून पडली आहेत. बॅथर्स्ट कळप बॅथर्स्ट खाडीवरून. पॉर्क्युपाइन कळप त्याच नावाच्या नदीवरून, त्याचा साळिंदराशी काही संबंध नाही (हा प्रश्न खरंच येतो).

३. एवढ्या मोकळ्या मुलखात ते मोजतात कसे?

काही माद्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे असतात, त्यावरून कळप कुठे आहे ते कळतं. मग विमानातून फोटो काढून मोजणी होते. अलास्कात ती बहुधा जुलैत करतात. तेव्हा डास आणि माश्या इतक्या पिसाळलेल्या असतात की कॅरिबू त्यांच्यापासून वाचायला एकमेकांना खेटून उभे राहतात, आणि एकेका फोटोत हजारो जनावरं येतात. कॅनडात विणीच्या जागेवर माद्या मोजून त्यावरून पूर्ण कळपाचा अंदाज बांधतात. म्हणून पुढचे सगळे आकडे अंदाज आहेत. शंभर-दोनशेच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. दहापट फरकाची गोष्ट वेगळी.

४. घट नेमकी किती?

अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१८ च्या आर्क्टिक अहवालात स्थलांतरी कॅरिबू आणि रानटी रेनडिअर मिळून दोन दशकांत ४७ लाखांवरून २१ लाखांवर आल्याची नोंद आहे. २०२४ च्या अहवालात घट ६५ टक्क्यांवर पोचली.

सरासरीपेक्षा एकेका कळपाकडे पाहिलं तर जास्त धक्का बसतो. कॅनडाच्या वायव्य प्रांतांतला बॅथर्स्ट कळप १९८६ मध्ये साडेचार लाखांच्या वर होता, २०२१ मध्ये सुमारे ६,२०० उरला. क्युबेक-लॅब्राडोरचा जॉर्ज रिव्हर कळप १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ लाखांच्या घरात होता, २०१८ मध्ये साडेपाच हजारांवर आला. अलास्काचा वेस्टर्न आर्क्टिक कळप २००३ मध्ये ४,९०,००० होता, २०२३ मध्ये १,५२,०००. त्या मानाने पॉर्क्युपाइन कळप टिकून होता. २०१७ मध्ये तर तो २,१८,००० वर गेला होता, १९७० च्या दशकात मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा आकडा.

५. कळप असेही वरखाली होत असतात म्हणे. मग एवढी ओरड कशाला?

वरखाली होतात हे खरं. वेस्टर्न आर्क्टिक कळप १९७६ मध्ये ७५,००० वर घसरून पुढे साडेसहा पटींनी वाढला. जॉर्ज रिव्हरही १९५० च्या दशकात काही हजारांचाच होता. अनेक गावांतली म्हातारी माणसं सांगतात की कॅरिबू जातात आणि परत येतात, आणि तीस-चाळीस वर्षांच्या फेऱ्यांच्या नोंदीही तसंच दाखवतात.

ओरड दोन गोष्टींची आहे. एक, या वेळी बरेच कळप साधारण एकाच काळात खाली आले. दोन, मागच्या खेपेला कळप तळाशी होता तेव्हा त्याच्या वाटेवर एवढे खाणीचे रस्ते नव्हते आणि हिवाळ्यात एवढा पाऊस पडत नव्हता. पूर्वी परत आले म्हणून आताही येतीलच, असं धरून चालणं मला धाडसाचं वाटतं.

६. मुख्य कारण काय? हवामान, खाणी, लांडगे की शिकार?

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कळपागणिक मिश्रण बदलतं.

हवामानाचा हात मात्र सगळीकडे दिसतो. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडला की बर्फावर कडक थर गोठतो, आणि त्याखालचं दगडफूल जनावराला उकरता येत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात बॅथर्स्ट बेटावर (नावाने फसू नका, हे बेट आणि बॅथर्स्ट कळप यांचा संबंध नाही) अशा हिवाळ्यांत छोट्या पिअरी कॅरिबूंचा मोठा संहार झाला. उन्हाळा लांबला की कातडीखाली आणि नाकात अळ्या सोडणाऱ्या माश्यांचा त्रास लांबतो. जनावर चरायचं सोडून पळत राहतं, अंगावर चरबी चढत नाही, आणि हडकुळी मादी त्या वर्षी गाभण राहत नाही. दक्षिणेकडच्या जंगलांत वणवे वाढले आहेत, आणि जळालेलं दगडफूल परत यायला अनेक दशकं लागतात.

शिकारीबद्दल माझं मत असं: लाखोंच्या कळपाला शिकारीने खाली आणलं असं दिसत नाही. पण कळप काही हजारांवर आल्यावर प्रत्येक मादीचा हिशेब लागतो, आणि पूर्वी न जाणवणारी शिकार तिथे जड जाते. खाणी आणि रस्त्यांसाठी प्रश्न ७, लांडग्यांसाठी प्रश्न १२ पाहा.

७. खाणी आणि रस्ते किती आड येतात? त्यांचा आपल्याशी काही संबंध आहे का?

बॅथर्स्ट कळपाच्या मुलखात एकाती (१९९८) आणि डायव्हिक (२००३) या हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्या. खड्डा कळपाच्या मुलखाच्या मानाने लहानच असतो. पण संशोधकांना असं दिसलं की या खाणींपासून सुमारे १४ किलोमीटरपर्यंत कॅरिबू कमी फिरकतात. धूळ, आवाज, ट्रकांची ये-जा, सगळ्याचा तो परिणाम.

रस्त्यांचं तसंच. अलास्कात रेड डॉग या जस्ताच्या खाणीच्या रस्त्यापाशी पोचल्यावर पट्टे लावलेल्यांपैकी काही कॅरिबू पलीकडे जायला सरासरी महिनाभर अडखळले. बाकीचे सरळ ओलांडून गेले. त्यामुळे "रस्त्याने काही होत नाही" म्हणणाऱ्याला आणि "रस्त्याने कळप संपतो" म्हणणाऱ्याला, दोघांनाही आपापला पुरावा सापडतो. शिवाय रस्ता झाला की बंदुका घेऊन येणारेही त्याच रस्त्याने येतात.

आपल्याशी संबंध? जगातले बहुतेक हिरे सुरतेत घासले जातात आणि त्यांचा मोठा व्यापार मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून होतो. कॅनडाचे हिरेही त्याच बाजारातले. प्रश्न फार दूरचा आहे असं मला म्हणवत नाही.

८. मग शिकार सरसकट बंद का करत नाहीत?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार म्हणजे गुन्हा हे डोक्यात पक्कं बसलं आहे, म्हणून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो.

तिकडे कॅरिबू हे जेवण आहे. अलास्कातलं अनाक्टुव्हुक पास हे न्यूनामियूत लोकांचं गाव समुद्रापासून दूर डोंगरात आहे. सील नाही, व्हेल नाही, कॅरिबू हेच मुख्य मांस. अशा गावांत दुकानातला माल विमानाने येतो आणि त्याचे भाव बघूनच माणूस मागे फिरतो. जीभ, काळीज, हाडातला मगज, वाळवलेलं मांस, पायाच्या कातडीचे बूट, शिवणीसाठी स्नायूचा दोरा, यातलं काही वाया घालवायची पद्धत नाही.

दुसरं म्हणजे बंदीने कळप वाढतोच असं नाही. न्यूफाउंडलँड अँड लॅब्राडोर प्रांताने जानेवारी २०१३ मध्ये जॉर्ज रिव्हर कळपाची शिकार सगळ्यांना बंद केली. तेव्हा कळप सुमारे २७,००० चा होता, आणि पाच वर्षांनी साडेपाच हजारांवर आला. तिथले मूळ रहिवासी असलेल्या इनू लोकांनी त्या बंदीला उघड विरोध केला, आणि शिकार पूर्ण थांबली नाही. (इनू आणि इनुइट हे दोन वेगळे समाज आहेत.) त्यांच्या बाजूने पाहिलं तर हा प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी असाच होता. धरणं, खाणी, विमानांचे सराव चालू, आणि बंदी मात्र चुलीवरच्या भांड्यावर.

याच कळपासाठी २०१३ मध्ये इनू, इनुइट, क्री, नास्कापी वगैरे समाजांनी स्वतःचं गोलमेज मंडळ उभं केलं आणि २०१७ मध्ये आपसात करार केला. वर्षानुवर्षांची भांडणं बाजूला ठेवून ते एका टेबलाशी बसले, हे मला कुठल्याही सरकारी आदेशापेक्षा मोलाचं वाटतं. अर्थात बॅथर्स्टसारखा कळप इतका खाली गेल्यावर तिथे शिकार शून्यावर आणणं गरजेचंच होतं, आणि वायव्य प्रांतांत २०१५ पासून ती शून्यावर आहे.

९. शिकारीचा हक्क नेमका कोणाला? मूळ रहिवाशांना नियम लागूच होत नाहीत का?

लागू होतात, पण क्रम ठरलेला आहे. कॅनडाच्या १९८२ च्या घटना-कायद्याच्या कलम ३५ ने मूळ रहिवाशांचे हक्क मान्य केले. त्या हक्कांवर मर्यादा कधी घालता येते, हे १९९० च्या स्पॅरो खटल्यात ठरलं. खटला मासेमारीचा होता: मस्क्विअम समाजाच्या एका मच्छीमाराने परवानगीपेक्षा लांब जाळं टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की संवर्धनासाठी मर्यादा घालता येते, पण कात्री आधी हौशी आणि व्यापारी लोकांवर चालवा, पोटासाठी घेणाऱ्यांवर सर्वांत शेवटी. म्हणून कळप घटला की पहिल्यांदा बाहेरच्या शिकाऱ्यांची दारं बंद होतात. उत्तर क्युबेकमध्ये हौशी शिकार २०१८ मध्ये पूर्ण थांबली.

अलास्कात गणित वेगळं आहे. १९८० च्या केंद्रीय कायद्याने प्राधान्य दिलं ते वंशावर नाही, 'ग्रामीण रहिवासी' असण्यावर. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवलं की असं प्राधान्य राज्याच्या घटनेत बसत नाही. परिणाम असा की केंद्राच्या जमिनीवर एक नियमपुस्तक आणि राज्याच्या जमिनीवर दुसरं. कॅरिबूने ओढा ओलांडला की कायदा बदलतो.

१०. हिवाळ्यात कळप मिसळतात. मग शिकाऱ्याने कुठल्या कळपाचा कॅरिबू मारला हे कसं कळणार?

मेलेल्या जनावराकडे पाहून कळत नाही. यावर वायव्य प्रांतांनी काढलेला तोडगा म्हणजे सरकतं बंदीक्षेत्र. बॅथर्स्ट कळपातल्या पट्टेवाल्या माद्या जिथे असतील त्यांच्याभोवती सीमा आखायची, आणि हिवाळ्यात दर आठवड्याला ती नव्याने काढायची. आत शिकार बंद, बाहेर शेजारच्या कळपांची चालू. खाणींकडे जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्यावर तपासणी चौकी असते. ताजा नकाशा बघून न निघालेला शिकारी प्रामाणिक असूनही अडकू शकतो.

अडचण अशी की पट्टे मोजक्याच माद्यांना असतात. शिवाय बॅथर्स्टच्या काही माद्या अलीकडे शेजारच्या मोठ्या कळपाबरोबर जाऊन तिकडेच व्यायल्या. त्यांना आता कुठल्या कळपात धरायचं यावर एकमत नाही.

११. "फक्त नर मारा" हा नियम सोपा आणि शहाणपणाचा नाही का?

कागदावर हो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा नर घेतल्याने पुढच्या पिढीवर कमी परिणाम होतो. पण शिकारी का कुरकुरतात ते समजून घ्या. ऑक्टोबरात माजावर आलेल्या नराच्या मांसाला उग्र वास येतो, ते खाववत नाही. माज ओसरल्यावर तो हडकतो. थंडीत चरबी असते ती मादीच्या अंगावर.

अलास्कात कोबुक नदीवरच्या ऑनियन पोर्टेज या उतारावर माणसं हजारो वर्षं कॅरिबू मारत आली आहेत. पूर्वी वेस्टर्न आर्क्टिक कळप सप्टेंबरच्या सुमारास नदी पोहून यायचा, तेव्हा धष्टपुष्ट नर निवडून घेता यायचे. अलीकडे कळप उशिरा येतो. तो येईपर्यंत नर माजावर असतात आणि माणसं नाइलाजाने माद्यांकडे वळतात. त्यातच २०२४ मध्ये अलास्का राज्याने या कळपासाठी दिवसाला पाच ही जुनी मर्यादा काढून वर्षाला पंधरा, त्यात मादी फक्त एक, असा नियम केला. मला तो बरोबर वाटतो. पण त्याचा भार उशिरा येणाऱ्या कळपाची वाट बघणाऱ्या गावांवरच सर्वांत जास्त पडतो, हेही खरं.

१२. लांडगे आणि अस्वलं मारली तर कळप वाढेल का?

कधी कधी, आणि तेही दुसऱ्या उपायांच्या जोडीने (प्रश्न १६). एकट्याने फार भरवशाचं नाही. नैऋत्य अलास्कातला मुल्चाट्ना कळप १९९० च्या दशकातल्या सुमारे दोन लाखांवरून १३,००० च्या आसपास आला आणि २०२१ मध्ये शिकार बंद झाली. २०२३ मध्ये राज्याने विणीच्या जागेजवळ हेलिकॉप्टरमधून ९४ तपकिरी अस्वलं, ५ काळी अस्वलं आणि ५ लांडगे मारले. त्या कळपात ब्रुसेलोसिसचा रोग आणि चाऱ्याचे प्रश्नही आहेत, त्यामुळे टीका बरीच झाली आणि २०२५ मध्ये राज्यातल्या न्यायालयानेही कार्यक्रमावर ठपका ठेवला.

१३. पाळीव रेनडिअर सोडून कळप वाढवता येणार नाहीत?

नाही. पाळीव रेनडिअरना शेकडो किलोमीटरच्या वाटा ठाऊक नसतात. अलास्कात १८९० च्या दशकात सायबेरियातून रेनडिअर आणून पाळायला सुरुवात झाली. पुढे शंभर वर्षांनी उलटंच घडलं: वेस्टर्न आर्क्टिक कळप सुअर्ड द्वीपकल्पावर उतरला आणि तिथल्या मालकांचे हजारो रेनडिअर कॅरिबूंबरोबर निघून गेले.

नुसती संख्या वाढवण्याचा धोका अलास्काच्या सेंट मॅथ्यू बेटावर दिसला. १९४४ मध्ये तिथे २९ रेनडिअर सोडले. १९६३ पर्यंत ते ६,००० झाले, दगडफूल संपलं, आणि एका कडक हिवाळ्यानंतर १९६६ मध्ये ४२ उरले.

१४. कॅरिबूचं मांस विकता येतं का?

अलास्कात रानटी कॅरिबूचं मांस विकता येत नाही. अँकरेजमध्ये हमखास मिळणारं रेनडिअर सॉसेज पाळीव जनावराचं, त्यातही बहुधा इतर मांस मिसळलेलं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात मात्र सरकारशी झालेल्या १९९३ च्या करारानुसार इनुइट शिकारी विक्री करू शकतात.

यातून एक पेच झाला. नुनावुतमधल्या बॅफिन बेटावरचे कॅरिबू इतके घटले की जानेवारी २०१५ मध्ये शिकार थांबवली गेली आणि त्याच वर्षी पुढे फक्त २५० नरांची परवानगी मिळाली. मागणी तशीच होती. फेसबुकवर सौदे होऊन साउथॅम्प्टन बेटावरून विमानाने मांस येऊ लागलं, आणि तिथल्या कळपावर ताण आला. तो कळपही नाजूकच: तिथले मूळचे कॅरिबू १९५० च्या दशकात संपले होते, आताचे आहेत ते १९६७-६८ मध्ये शेजारच्या कोट्स बेटावरून आणलेल्या ४८ जनावरांचे वंशज. एका बेटावर मर्यादा घातली की दुसऱ्या बेटावर दर वाढतो, हे नियम करताना कुणीतरी आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

१५. आम्ही कॅनडात राहतो. आम्हाला शिकारीला जाता येईल का?

मोठ्या स्थलांतरी कळपांसाठी बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असं आहे, कारण प्रश्न ९ मध्ये आलं. न्यूफाउंडलँड बेटावरच्या कॅरिबूंसाठी अजून मर्यादित परवाने निघतात. जायचंच असेल तर त्या प्रांताच्या वन्यजीव खात्याचे चालू वर्षाचे नियम वाचा. कुणी ओळखीचा "माझ्याबरोबर चल, काही होत नाही" म्हणाला तर जाऊ नका. त्याचा हक्क त्याच्यापुरता आहे, पाहुण्याला तो आपोआप मिळत नाही.

१६. एखादा कळप सावरल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते माझं आवडतं आहे. ब्रिटिश कोलंबियातला क्लिन्से-झा हा डोंगरी कळप २०१३ मध्ये ३८ जनावरांवर आला होता. १९६८ च्या बेनेट धरणाच्या जलाशयाने जुन्या वाटा बुडवल्या होत्या, पुढे जंगलतोडही झाली. वेस्ट मोबर्ली आणि सोटो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या दोन समाजांनी आपली शिकार कित्येक वर्षांपूर्वीच आपणहून थांबवली होती. २०१४ पासून ते गाभण माद्या हिवाळा संपता संपता पकडून डोंगरातल्या कुंपणात ठेवू लागले. गावकरी हाताने दगडफूल वेचून आणतात, पाळीपाळीने राखण करतात, आणि पाडसं जरा धावू लागली की सोडून देतात. सोबत लांडगे कमी केले, आणि २०२० मध्ये सरकारांशी करार होऊन मोठं क्षेत्र राखीव झालं. २०२१ पर्यंत कळप शंभरावर गेला.

अजून शिकार सुरू झालेली नाही. शिवाय कुंपणाचा हा उपाय लहान कळपाला जमतो, टुंड्रावरच्या लाखांच्या कळपाला नाही.

उलट उदाहरणही सांगायला हवं. आयडाहो, वॉशिंग्टन आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या साउथ सेल्कर्क कळपात २०१८ मध्ये तीन माद्या उरल्या. जानेवारी २०१९ मध्ये उरलेली एक पकडून कॅनडातल्या एका कुंपणात ठेवली, आणि अलास्का सोडून अमेरिकेतले कॅरिबू संपले.

१७. बंदी कधी घालायची आणि कधी उठवायची, हे आधीच ठरवून ठेवता येत नाही का?

पॉर्क्युपाइन कळपासाठी कॅनडात ते केलं आहे. २०१० च्या योजनेवर सरकारं आणि मूळ रहिवाशांच्या संस्था मिळून आठ पक्षांच्या सह्या आहेत. कळप १,१५,००० च्या वर असेल तर हिरवा रंग, ८०,००० पर्यंत पिवळा, ४५,००० पर्यंत नारिंगी, त्याखाली लाल. पिवळ्यात नर घ्यायचं आवाहन, नारिंगीत सक्ती, लालमध्ये शिकार बंद. दर हिवाळ्यात बैठक होते, गावागावांतून आलेली शिकारीची नोंद समोर ठेवतात आणि त्या वर्षीचा रंग ठरतो. कळप तळाला जाण्याआधी हे ठरलं म्हणून ते जमलं. तळाला पोचल्यावर असं ठरवायला बसलं की प्रत्येक आकड्यावर भांडण होतं, बॅथर्स्टच्या बाबतीत ते दिसलंच.

एक अपवाद लक्षात ठेवा. ही योजना कॅनडाच्या बाजूची आहे, अलास्कातल्या ग्विचिन या मूळ रहिवासी समाजाच्या शिकाऱ्यांवर ती बंधनकारक नाही. कळपाची विणीची मुख्य जागा मात्र अलास्कातच, आर्क्टिक राष्ट्रीय अभयारण्याच्या किनारपट्टीवर आहे. तिच्या रक्षणासाठी ग्विचिन गावं १९८८ पासून एकत्र लढत आहेत. दोन्ही देशांत या कळपासाठी १९८७ चा करारही आहे. तरी त्या किनारपट्टीवर तेल काढायचं की नाही, हे कुठल्याही रंगाच्या तक्त्यात बसत नाही. ते वॉशिंग्टनमध्ये ठरतं, आणि सरकार बदललं की निर्णयही बदलतो.